शेवाळाची छावणी

पमे, तू गेल्यावर तुझ्या जलदानाला समुद्रावरून एकही बाई आली नाही. चांगलं आधी आणि वाईट मागून सांगायची रीत मला कधी जमली नाही, म्हणून हे पहिल्यांदाच सांगून मोकळी होते. विहारासमोर मंडप घातला होता. भंतेजी आले, पाव्हणेरावळे आले, अंबाजोगाईच्या कॉलेजातल्या तुझ्या दोघी मैत्रिणी पांढऱ्या साड्या नेसून आल्या. ज्या भावकीनं तुला लग्न न केल्याबद्दल जन्मभर नावं ठेवली तीही आली, आणि तुझ्या कर्तबगारीवर भाषणं करून पोटभर जेवून गेली. मी मात्र केजच्या रस्त्याकडं बघत होते. कोकणातून जीप भरून बायका येणार, असं मी अख्ख्या वडगावात सांगून बसले होते. त्यांच्या घशाखाली ज्वारीची भाकरी उतरत नाही हे तूच सांगितलेलं, म्हणून भाताचं मोठं पातेलं चढवलं होतं. ते भरलेलंच राहिलं.

आदल्या दिवशी तुझ्या संस्थेतल्या रोहिणीचा फोन आला होता, तरी मी वाट बघतच राहिले. "अक्का, आमका येवक जमाचां नाय. हयसर काम इलां," एवढंच ती म्हणाली आणि वाऱ्याच्या आवाजात फोन तुटला. काम. जिनं त्यांना काम दिलं तिच्या जलदानापेक्षा मोठं असं कोणतं काम असतं, हे मला समजेना. त्रिशरण म्हणताना माझे ओठ हलत होते आणि मनात रोहिणीला शिव्या चालल्या होत्या. तू असतीस तर कोपरानं ढोसलं असतंस.

तुला कोकणात नोकरी लागली तेव्हाचं आठवतं का? मी थोरली, लग्न होऊन वडगावातच दोन गल्ल्या पलीकडं दिलेली. तू शेंडेफळ, बीएस्सी झालेली, हातात नेमणुकीचा कागद. मायनं पगार विचारला नाही, राहायचं कुठं विचारलं नाही. तिनं एकच विचारलं, "तिथं पाणी हाय का?"

"हाय माय. लई हाय."

"मंग तिथंच ऱ्हा," म्हणून ती चुलीकडं वळली.

ते पाणी खारं असतं हे तू तिला सांगितलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. टँकर येणार म्हटलं की शाळा बुडवून घागरी रांगेत लावणाऱ्या घरातली पोरगी पाण्यावरच्या नोकरीला चालली होती, त्या दिवशी तेवढं पुरे होतं. माय पुढं गावभर सांगत फिरायची, माझी पमी समुद्रावर साहेब हाय. तू साहेब नव्हतीस, एका संशोधन केंद्रात मदतनीस होतीस आणि दिवसभर गुडघाभर चिखलात उभी असायचीस. पण मायच्या बोलण्यात समुद्र हा एक मोठा तलाव होता आणि तू त्याची चावी सांभाळत होतीस.

निवृत्त झाल्यावर माणसं गावाकडं परततात. तू परतली नाहीस, हा आपल्या भांडणाचा पहिला मुद्दा. मी म्हणायचे, हितली माती तहानलेली सोडून तू त्या पाण्यात काय पेरतीस? तू म्हणायचीस, "पेरत न्हाई अक्का, बांधते." आणि मग तासभर तुझ्या लाल शेवाळाचं कौतुक ऐकावं लागायचं. मी आधी समजत होते की आपल्या हौदाच्या कडेला जमतं तसलंच बुळबुळीत काहीतरी असेल. मग एकदा आले तेव्हा तू होडीतून वाकून तराफ्यावरचा एक झुपका तोडून माझ्या हातावर ठेवलास. बोटाएवढ्या जाड फांद्या, तांबूस तपकिरी, आणि वाकवली की काकडीसारखी कट्कन मोडणारी. याच्यातून डिंक निघतो, तो आइस्क्रीममध्ये जातो, टूथपेस्टमध्ये जातो, हे तू सांगितलंस तेव्हा मी म्हणाले, म्हणजे जगाचे दात तू घासतेस. तू हसून होडी हलवलीस आणि मी जीव मुठीत धरून बसले.

पण खरं सांगू, तुझी ती शेती मला आवडली होती. बांबूचा चौकोनी तराफा, त्याला आडव्या दोऱ्या, दोरीला ठरावीक अंतरावर शेवाळाचा एकेक तुकडा बांधायचा. दीड महिन्यात तुकड्याचा झुपका होतो. नांगर नाही, खत नाही, आणि आपल्याला सगळ्यात महाग ते गोडं पाणी एक थेंबही लागत नाही. याला दाणा नसतो. उसाला जशी कांडी लावतात तशीच याचीही फांदीच लावायची. तू त्याला बियाणं म्हणायचीस, मी म्हटलं हे तर बेणं झालं. तुला तो शब्द इतका आवडला की तिकडच्या बायकांच्या तोंडी तू तो बसवलास. समुद्रात उभं राहून मालवणी बाया आपला बीडचा शब्द बोलतात, याचा मला गर्व होता. तुझ्यापाशी कधी कबूल केला नाही.

"पाण्यात राहून माशाशी वैर धरू नये" ही म्हण मी तुला दर फोनला ऐकवायचे, कारण तुझं माशांशी खरोखरचं वैर होतं. कोवळे शेंडे मासे कुरतडून न्यायचे. तू बारीक जाळीच्या लांब पिशव्या शिवल्यास, त्यात बेणं भरून ते दोरीला बांधलंस. जाळी फार बारीक झाली तर पाणी खेळेना, फार मोठी झाली तर मासा घुसे. किती वेळा शिवलंस आणि उसवलंस. प्रवाळाच्या खडकावर एकही तराफा जाऊ द्यायचा नाही, तिथं शेवाळ पसरलं तर खालचं मरतं, यासाठी तू आख्ख्या गावाशी वाकडं घेतलंस. त्या जागेत वाढ जोमदार होते हे सगळ्यांना दिसत होतं. "माझ्या बहिणीला कुणी वाळवंटातून आणलं आन् समुद्राची राखण दिली," असं मी म्हणायचे. तू म्हणायचीस, ज्याला पाण्याची किंमत माहीत हाय त्यालाच राखण द्यावी.

खरं दुखणं पावसाचं होतं. पावसाळ्यात नद्यांचं पाणी खाडीत उतरतं, समुद्र वरून गोडा होतो, आणि गोड्या पाण्यात हे शेवाळ सांध्यापाशी पांढरं पडून गळून जातं. लाटांनी तराफे तर मोडतातच. म्हणून पावसाच्या तोंडावर सगळं काढून वाळवून विकायचं, आणि पावसाळा सरला की नवं बेणं दूर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून ट्रकनं आणायचं. निम्मं वाटेतच मरायचं. उरलेलं आजारी निघायचं आणि ज्या तराफ्याला बांधलं त्याला रोग द्यायचं. तू तिथल्या बायकांची संस्था काढलीस त्याच्या पहिल्याच वर्षी तुला हे नाकात दम आणणारं संकट भेटलं. त्या दिवशी तू मला फोन केलास आणि हसतच सुटलीस.

"अक्का, आपल्याकडं पाऊस न्हाई म्हणून दुष्काळ. हितं पाऊस पडला की दुष्काळ."

"मंग हसतीस कावून?"

"दुष्काळ मला कळतो. म्हणून."

आणि तुला नेकनूरच्या बाजूची गुरांची छावणी आठवली. आपण पोरी होतो. चारा संपला, विहिरीनं तळ दाखवला, आणि दादा दोन बैल आणि एक गाय घेऊन छावणीत जाऊन राहिले. सुट्टी होती म्हणून तू बापामागं गेलीस. मी मायजवळ राहिले. शेकडो गुरं एका माळावर, प्रत्येकाचा आपापला खुंटा, उसाच्या वाढ्याचे भारे, गुरांसाठी निराळा टँकर. तू परत आलीस तेव्हा तुला दुसऱ्यांच्या बैलांची नावं पाठ होती. दादा म्हणाले, पोरगी माझ्याजवळ बसलीच न्हाई, साऱ्या छावणीला चारा टाकत फिरली. एकेकट्याच्या दावणीला जे जगलं नसतं ते एका माळावर जगलं, एवढं तू त्या वयात घेऊन आलीस.

तशीच छावणी तू शेवाळाची मांडलीस. किनाऱ्यावर उंचावर पत्र्याची शेड, मध्येमध्ये उजेड येणारे पत्रे, खाली मोठाल्या टाक्या. पावसाआधीच्या उधाणाच्या भरतीला पाणी भरायचं. गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली राहतं, म्हणून पाइपाचं तोंड तळाशी सोडायचं. बुडबुडे सोडणारे पंप लावायचे, खारटपणा रोज मोजायचा, आणि सगळ्या बायकांचं बेणं चार महिने तिथं जगवायचं. आपल्या जिल्ह्याबाहेरच्या कुणाला हे सुचलं नसतं, असं मला आजही वाटतं.

पण छावणी आणलीस ती तिच्या खोडीसकट आणलीस. छावणीत माणसं काय करायची हे तू लहान होतीस म्हणून तुला दिसलं नाही, मला दादांनी सांगितलं होतं. भाकड गुरं छावणीत आणि दुभती घरच्या दावणीला. फुकटच्या चाऱ्यावर कोण दुभतं जनावर पाठवील? तू प्रत्येकीला तिचा निराळा कप्पा दिलास, कप्प्याला रंगीत चिंधी बांधलीस, म्हणजे खुंटाच दिलास. बायकांनी तराफ्यावरचं जाड, रसरशीत ते वाळवून विकलं आणि खालचं उरलंसुरलं, म्हातारं, पांढरट पडू लागलेलं ते टाकीत आणून सोडलं. पावसाळा संपेपर्यंत निम्म्या टाक्यांतून वास सुटला होता. जे जगलं त्याची वाढ खुंटलेली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मी तेव्हा तुला म्हणाले, "बघ. हेच म्हणत व्हते. सहकार मला शिकवू नको, मी दूध संस्था चालवलीय."

वडगावच्या बायकांची दूध संस्था. मी तिची अध्यक्ष होते, हे मी सांगते तेव्हा लोक अजूनही गालात हसतात. दुष्काळात गावात प्यायला पाणी नव्हतं, पण दुधात घालायला होतं. सकाळी सकाळी मी दुधाचा कस मोजायचं यंत्र घेऊन दारात उभी राहायचे आणि प्रत्येकीच्या बादलीवर संशय घ्यायचे. संशय खरा निघायचा. एकीनं पाणी घातलं की दुसरीला आपलं चोख दूध घालवत नसे, सगळ्यांचं एकाच कॅनमध्ये जाणार, मग मीच काय म्हणून चोख घालू? दोन वर्षांत संस्था बुडाली. तेव्हापासून माझं मत ठरलं, सामायिक भांड्यात माणूस आपलं चांगलं कधी टाकत नाही. टाकलंच तर कुणीतरी बघतंय म्हणून टाकतो.

तू यावर एकदाच उलटून बोललीस. "तू नुसतं पाणी पकडायला बसलीस अक्का. जिनं चोख आणलं तिचं नाव कधी मोठ्यानं घेतलंस का?" मी म्हणाले, माझी भाकरी करपतीय, आणि फोन ठेवला. चुलीवर भाकरी नव्हती.

मग तू तो नियम काढलास, जो ऐकून मी कपाळावर हात मारला. चिंध्या काढल्या, कप्पे मोडले, सगळं बेणं एकत्र. आणि आपल्या तराफ्यावरचं बेणं आपण निवडायचंच नाही, शेजारणीच्या तराफ्यावरचं निवडायचं. शेजारीण कशाला वाईट निवडील? ती नेमकं सगळ्यात जाड, सगळ्यात कोवळ्या शेंड्यांचं तोडणार. मी म्हटलं, पमे, तू किनारा पेटवणार. आणि पेटलाच. "माझां सगळां बरां बरां न्हेलंस!" म्हणून दोघी कमरेभर पाण्यात भांडल्या, एकीनं दुसरीची पाटी समुद्रात भिरकावली, तू मध्ये पडलीस आणि तुझा चष्मा गेला. पण दिवाळीनंतर तराफे लागले तेव्हा शेवाळ असं वाढलं की बाहेरचा ट्रक त्या वर्षी लागलाच नाही, आणि पुढंही लागला नाही. दर वर्षी चांगल्यातलं चांगलं निवडत गेलीस, गरम पाण्यात तग धरलेलं वेगळं काढून वाढवत गेलीस, आणि तुमचं बेणं दुसऱ्या गावच्या बायका मागायला येऊ लागल्या.

तू जिंकलीस असं तेव्हा मी म्हणायला हवं होतं का? मला नाही वाटत. माझा मुद्दा शाबूत होता. मी म्हणत होते, तू काठी घेऊन उभी आहेस म्हणून हे चाललंय. तू म्हणत होतीस, काठी कुठाय अक्का, सवय लागलीय त्यांना. सवय का धाक, यावर आपण किती पावसाळे भांडलो असू. आपल्याला दुसरं बोलायला येतच नव्हतं की काय कुणास ठाऊक. मी कधी तुला विचारलं नाही की तिथं एकटं वाटतं का. तूही विचारलं नाहीस की नवरा गेल्यावर मी एवढ्या घरात काय करते. शेवाळावर भांडून दोघींची ख्यालीखुशाली कळत असे. आवाज चढला की समजायचं, बरी आहे.

या उन्हाळ्यात तू आजारी होऊन आलीस. मी तुझा डबा घेऊन रोज वडगावहून अंबाजोगाईला दवाखान्यात यायचे. कॉटवर उशी टेकवून तू खिडकीकडं बघत बसायचीस. बाहेर लिंबाचं झाड आणि उन्हानं पांढरा झालेला रस्ता. तुला तिथून ढग शोधायचे असायचे. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, पावसाची वाट बघताय व्हय? तू म्हणालीस, न्हाई, येऊ नये म्हणून बघतेय. आपल्या जिल्ह्यात असं बोलणारी बाई तिला पहिल्यांदाच भेटली असेल.

आपलं शेवटचं भांडण तिथलंच.

"औंदा मी न्हाई जाऊ शकणार, अक्का. टाक्या भरायचा टाइम आलाय."

"भरतील की."

"भरतील. आन् बेणंबी चांगलंच आणतील."

मी डबा उघडत होते. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, व्हय गं, आणतील, तू काळजी करू नको. मी म्हणाले, "तू उभी ऱ्हातीस म्हणून आणतात. तू न्हाईस म्हटल्यावर भाकडच आणतील."

तू डोळे मिटून हसलीस. म्हणालीस, "बरं झालं बोललीस. तू व्हय-व्हय केलं असतंस तर मी समजले असते, आता आपलं काय खरं न्हाई."

ते ऐकल्यावर मी तिथंच उठून गेले असते, पण उठले नाही. उलट आणखी भांडले. दूध संस्था काढली, छावणीतली भाकड गुरं काढली, तुझ्या रोहिणीला नावं ठेवली, तुझ्या गेलेल्या चष्म्याचाही विषय काढला. नर्स येऊन म्हणाली, मावशी हळू. तू म्हणालीस, राहू द्या, ती माझी बहीण हाय. मला जेवढं येत होतं तेवढं सगळं मी त्या दुपारी भांडले, पमे. त्यातलं एकही वाक्य मी मागं घेत नाही. ते सगळं तू बरी आहेस असं सांगण्यासाठी होतं, आणि तुला ते कळत होतं, हे माझं नशीब.

तर जलदान झालं आणि मी तुझं सामान आणायला म्हणून निघाले. सामान हे निमित्त. मला त्या बायकांना झापायचं होतं. कोल्हापूरला गाडी बदलताना आणि घाट उतरताना मी वाक्यं जुळवत होते. तुमच्यासाठी तिनं हाडं झिजवली, एक दिवस तुम्हाला येता आलं नाही? असं पहिलं वाक्य होतं. पुढची याहून कडक होती.

तुझ्या खोलीला कुलूप. शेजारीपाजारी कुणी नाही. एक म्हातारी पडवीत बसली होती, तिनं हातानंच किनाऱ्याकडं दाखवलं. मी पिशवी घेऊन तशीच वाळूतून चालत गेले. समुद्रावर पश्चिमेकडून ढग चढत होते, दरवर्षीपेक्षा लवकर. शेडमध्ये पंपांचा आवाज आणि बायकांची लगबग. पाण्यातून तराफे ओढत होत्या, पाट्या डोक्यावर घेऊन चढ चढत होत्या. मला बघून रोहिणी थांबली. तिच्या अंगावरून पाणी गळत होतं, डोळे सुजलेले.

"राग इलो असतलो तुमका," ती म्हणाली. "काय करतलंव, अक्का? उधाणाची भरती त्याच दिसाक होती. ता पाणी भरूक नसतां तर टाक्यो रिकाम्योच रवल्यो असत्यो. ढग बघा."

भरती कुणाच्या जलदानासाठी थांबत नाही हे मला कळलं. पण माझी जुळवलेली वाक्यं अशी सहज कुठं सुटणार. मी म्हणाले, "आन् बेणं? ते कुणाच्या तराफ्यावरचं कुणी निवडलं?"

ती जरा अडखळली. म्हणाली, शेजारणीच्या तराफ्यावर जायला वेळच नव्हता. ज्या त्या बाईनं आपापल्याच तराफ्यावरचं आणलं.

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. आनंद झाला. जिंकल्याचा. तुझी माती होऊन आठवडाही झाला नव्हता आणि तुझा नियम मोडला होता, जसं मी म्हणाले होते तसंच. मी पदर खोचला आणि रोहिणीच्या पाटीत कोपरापर्यंत हात घातला. वर चांगलं आणि तळाला कचरा, ही पाटी भरायची पद्धत मला आडत बाजारातून माहीत आहे. तळाचं मूठभर वर काढलं. जाड होतं. वाकवलं, कट्कन मोडलं. मग सगळी पाटी गोणपाटावर पालथी केली. बायका बघत राहिल्या, कुणी अडवलं नाही. एक झुपका, दुसरा झुपका, शेंडे कोवळे, सांधे तांबूस. दुसऱ्या बाईची पाटी ओतली. तिसरीची ओतली. मग टाकीत हात घातला. भिजले, साडी खराब झाली, पण मी हटले नाही, मला भाकड शोधायचंच होतं.

एका टाकीत एक झुपका सापडला, सांध्यापाशी पांढरा. मी तो वर धरून विचारलं, "हे कुणाचं?"

रोहिणीनं तो माझ्या हातातून घेतला. "आता ता कोणाचां नाय, अक्का. टाकीत पडलां काय सगळ्यांचां." आणि तिनं तो बाहेर वाळवणावर फेकला आणि टाकीत पुन्हा निरखून बघू लागली.

मी तिला विचारलं, तुम्ही आपलं आपण निवडलं, कुणी बघायला नव्हतं, मग चांगलं विकायचं सोडून इथं का आणलंत? ती माझ्याकडं अशी बघत राहिली, जणू मी काहीतरी फारच उलटं विचारलंय. मग म्हणाली, "शेजारीण वरचां बघून तोडता. आपल्या तराफ्यार बरां खंयचां, उन्हात खंयचां टिकलां, ता आपणाकच म्हायती आसता ना? पमाताय असती तर नियम मोडलो म्हणून रागावली असती. पण बेणां बघून गप रवली असती."

मी वाळूवर बसले, पमे. ओल्या साडीनं तशीच. आणि मग मला रडू आलं, जे विहारात आलं नव्हतं. बायकांनी मला रडू दिलं आणि आपलं काम चालू ठेवलं, हे मला फार बरं वाटलं.

हे मी तुझ्या खोलीत बसून लिहिते आहे. सामान बांधलेलं नाही. शेतावर माणूस लावून दिला आहे, पावसाळाभर मी इथंच राहणार. पंप बंद पडला तर जनरेटर कसा लावायचा ते शिकले, खारटपणा मोजायला शिकले, तळाचं पाणी ओढायला शिकले. बायका म्हणतात अक्का ओरडते फार, पण राहू दे. बेणं टिकेल. टाक्या बघितल्या की मला त्यात शंका वाटत नाही, आणि मी शंका न घेणारी बाई नाही हे तुला सांगायला नको.

तू बरोबर होतीस. कुणी बघत नसताना माणसं सामायिक भांड्यात आपलं सगळ्यात चांगलं टाकतात. माझ्या डोळ्यांनी बघितलं, हातांनी मोडून बघितलं. पण पमे, थोडी तूही हरलीस बरं का. तुझाही त्यांच्यावर पुरता भरवसा नव्हता. नाहीतर शेजारणीचा नियम कशाला घातला असतास? मी दारात यंत्र घेऊन उभी राहिले, तू नियम घेऊन उभी राहिलीस, आणि त्या बायका आपल्या दोघींच्याही पुढं निघून गेल्या. यावर तू काय म्हणशील ते मला सुचत नाही, आणि जन्मात पहिल्यांदाच मला तुझं उत्तर ऐकायची घाई झाली आहे.